दोरी भित्र्याच्या हाती

रोहा, शुक्रवार

मला पाण्याची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या मजकुरात कुणी शौर्य शोधायला जाणार नाही. आमच्या सोलापूरकडे पाणी खाली असतं. विहिरीत, बोअरमध्ये, टँकरच्या तळाशी. ते वर ओढायचं, वापरायचं आणि विषय संपवायचा. इथे रायगड जिल्ह्यात पाणी आपल्या पायांनी चालत येतं, बांधाला टेकून उभं राहतं आणि दिवसातून दोनदा परत जातं. असल्या पाण्याचा भरवसा कोण धरणार?

माझी धाकटी बहीण शैला मात्र लग्न करून इथे आली आणि इथलीच झाली. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ती स्टोअर सांभाळते. उरलेल्या वेळात जुनी आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं हे इंजिन असतं. वर डोकं, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. मच्छीमारांनी कधीच टाकून दिलेली, भंगारात गंजत पडलेली असली इंजिनं शैला आणि तिच्यासारखे चार वेडे शोधून आणतात, चालती करतात आणि दर हिवाळ्यात पेणच्या खाडीत त्यांची शर्यत लावतात. "ताई, या वेळेला बघायला ये," असं तिने फोनवर सांगितलं होतं. तिने 'बघायला' म्हटलं होतं. मला पक्कं आठवतं.

घरात शिरले तर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती. मी झाकण उघडायला गेले तशी शैला ओरडली, "हात लावू नकोस! कार्ब्युरेटर आहे!" चिंचेच्या पाण्यात तो उकळत ठेवला होता. तांब्या-पितळेला आपण चिंच लावतो तोच हिशेब.

"आणि भात कशात लावतेस?" मी विचारलं.

"दुसऱ्यात. बहुतेक," ती म्हणाली.

मेहुणे शिफ्टला निघाले होते. बूट घालता घालता म्हणाले, "मला काही विचारू नका. मी आणि ते इंजिन एकमेकांशी बोलत नाही."

इंजिन मागच्या अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपाला अडकवलं होतं. त्याचं डोकं पिवळंधमक. पेणजवळच्या जोह्याच्या एका मूर्तिकाराने गणपतीच्या पीतांबराचा उरलेला रंग त्याला दिला होता, आणि हौसेने कडेला बारीक सोनेरी रेघही ओढली होती. सांगायला हरकत नाही, दिसायला ते देखणं होतं. दोन वर्षं शैला त्याच्या मागे होती. पिस्टन जाम होता, तो तिने तेलात भिजवून भिजवून सोडवला. हवा होता तो सुटा भाग कुठेच मिळेना, तेव्हा लेथवाल्याच्या डोक्यावर बसून तो करून घेतला. मागच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी ते बंद पडलं होतं. या वर्षी पहिल्यांदाच ते पाण्यात उतरणार होतं.

तिने चाकाला दोरी गुंडाळली आणि हिसका मारला. इंजिन खोकलं, धुरकटलं आणि एकदम असं भडकलं की पिंपातलं पाणी उसळून माझ्या साडीवर आलं. मी भिंतीला चिकटले.

"न्यूट्रलमध्ये टाक की!" मी ओरडले.

"याला न्यूट्रल नाही," शैला आनंदाने ओरडली. "रिव्हर्सही नाही. सुरू झालं की निघालं."

तेवढ्यात फाटकातून प्रमिला आली. कंपनीच्या कँटीनमध्ये काम करणारी शैलाची मैत्रीण, आणि होडीतली तिची जोडीदार. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. आठ दिवसांपूर्वी याच इंजिनाने उलटा झटका दिला होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी साडीचा ओला पदर पिळायला लागले.

होडीत दोन माणसं लागतात, हा तिथला नियम. एकटं माणूस असेल तर होडी रांगेत घेत नाहीत. मागे इंजिनाचं वजन असतं, त्यामुळे नाक वर उचललं जातं आणि पुढे कुणीतरी वजनदार माणूस लागतं. शैला काडीसारखी आहे. मी नाही.

"मला पोहता येत नाही," मी म्हणाले. "मला टबात बसायलाही भीती वाटते. दुसरं कुणी बघ."

प्रमिलाचा चेहरा उजळला. "खरंच इतक्या भिता ताई? मंग तर तुमीच पायजे. पुढं बसनारं मानूस भित्रंच लागतं."

मला वाटलं चेष्टा करते आहे. पण ती चेष्टा नव्हती. तिने डाव्या हाताने नीट समजावून सांगितलं. इंजिनाला एक लांब दोरी बांधलेली असते, ती होडीच्या नाकापर्यंत आणून पुढच्या माणसाच्या मुठीत द्यायची. दोरी ओढली की ठिणगी तुटते आणि इंजिन गप्प होतं. नव्या इंजिनांना तसली दोरी चालवणाऱ्याच्या मनगटालाच असते. या म्हाताऱ्यांना तशी सोय नाही, आणि मनगटाला बांधून बघितली तर वळणावर ओढली जाऊन इंजिन भलत्या वेळी बंद पडायचं.

"एकदा चालवनारा वळनावर पडला पान्यात," प्रमिला म्हणाली. "दांडी सुटली की इंजिन आपोआप एका बाजूला वळतं. रिकामी होडी त्याच्याच भवती गोल फिरली, पंखा चालू. वाचला तो, देवाची कृपा. तवापासून दोरी पुढं. आन ती भित्र्याच्याच हातात. धीट मानूस दोरी सोडून मजा बघत बसतो. भित्र्याच्या मुठीतून काढून घ्यायची म्हटली तरी निघत नाय."

मी शैलाकडे पाहिलं. ती पिवळ्या डोक्यावरचं पाणी पदराने पुसत राहिली. ती बोलली असती तर मी नाही म्हणू शकले असते.

पेण, शनिवार

इंजिन गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि आम्ही तिघी त्याच्या शेजारी बसलो. वडखळला डोलवीच्या कारखान्याच्या बाजूचा राखाडी धूर दिसायला लागला. डावीकडे उजवीकडे शेतं आणि त्यांच्या पलीकडे चकाकणारं काहीतरी. "मिठागर," शैला म्हणाली. मला ते सगळं पाणीच दिसत होतं. मी टेम्पोची फळी घट्ट धरून बसले होते, आणि अजून तर डांबरी रस्त्यावरच होतो.

उतरायचं होतं हिराजीकाकांकडे, खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात. होडी त्यांचीच. उभं आयुष्य मिठागरात काम केलेला, उन्हाने काळा आणि मिठाने सुरकुतलेला माणूस. बाहेर येऊन त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वजन तोलत होते हे उघड होतं.

"हीच काय गो भित्री?" त्यांनी शैलाला विचारलं.

"व्हय काका. माझी मोठी बहीण."

"बरी हाय," काका समाधानाने म्हणाले.

आयुष्यात इतक्या जणांनी माझ्या भित्रेपणाचं कौतुक कधी केलं नव्हतं. काकींनी जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. भाकरी मऊ, पांढरीशुभ्र, दुमडली तरी न मोडणारी. आमची कडक भाकरी खिशात घालून हिंडता येते, ही तोंडात जाताच संपते. मी बरोबर शेंगाची चटणी नेली होती. काकींनी ती चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि डबाच ठेवून घेतला. जिताडा खरं तर खास पाहुण्यांसाठी, इतका गोड मासा मी खाल्ला नव्हता. पण त्या दिवशी मला तो धड गिळवेना. बळी द्यायच्या बोकडाला असाच चारा घालत असतील, असं सारखं मनात येत होतं.

दुपारी भरती लागल्यावर सराव. बांधावरून उतरताना माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला आणि बाहेर आला तेव्हा चप्पल आतच राहिली. ती अजून तिथेच असेल. तिवरांच्या मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर आलेल्या, त्यांच्यामधून खेकडे पळत होते. होडी एवढीशी, लाकडी, दोन्ही बाजूंनी हलणारी. तरंगायचं केशरी जॅकेट माझ्या अंगावर जेमतेम बसलं. मी पुढे बसले, दोरीची मूठ हातात घेतली आणि डोळे मिटले.

"डोळे मिटून कसं चालेल गो?" बांधावरून काका ओरडले. "बघायला बसवलीय तुला!"

मागे शैलाने हिसका मारला. होडीने अशी उडी घेतली की माझी मान मागे गेली आणि छातीतली हवा निघून गेली. पाणी फळीला थाडथाड आपटत होतं, जणू कुणी खालून दार वाजवत होतं. मी दोरी ओढली. इंजिन बंद पडलं.

"काय झालं?" शैलाने विचारलं.

"काही नाही. भीती वाटली."

पुन्हा सुरू. पुन्हा ओढली. एका बगळ्याला घाबरून ओढली, एकदा एका तरंगत्या नारळाला घाबरून. शैलाचा जीव किती खालीवर झाला असेल ते मला आता कळतं. पण ती एकदाही चिडली नाही. "ताई, ओढ हवं तेव्हा," एवढंच म्हणत राहिली. शेवटी शेवटी आम्ही एका वळणापर्यंत न थांबता गेलो. मला थोडंसंही बरं वाटलं नाही. नुसता दोरी न ओढण्याचा ताण आला.

संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून चहूबाजूंनी जाळ. आमच्याकडे याच दिवसांत शेतावर हुरडा असतो, तसाच हा इथला सोहळा. फरक एवढाच की हुरड्याला हात भाजतात आणि पोपटीला धीर लागतो. मडक्यात पाण्याचा थेंब घालत नाहीत, पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. या अख्ख्या मुलखात पाण्याशिवाय झालेली ही एकच गोष्ट मला भेटली, म्हणून मी ती पोटभर खाल्ली.

निजायला जाताना शैलाला विचारलं, "तुला कधीच भीती वाटत नाही का गं?"

"कशाची?" ती म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. विहिरीच्या काठावर पाय सोडून बसणारी मुलगी होती ती. मी लांब उभी राहून "शैले, मागे हो" असं ओरडत असायची. त्या अंधारात मला एकाएकी जाणवलं की भीतीच न वाटणं ही माणसाला शोभणारी गोष्ट नव्हे, आणि मला माझ्यापेक्षा तिचीच जास्त काळजी वाटायला लागली.

खाडी, रविवार

शर्यत भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तेव्हा. त्याआधी चालवणारे लोक इंजिनांभोवती, पाने-पक्कड घेऊन, एकमेकांची टर उडवत. "तुझं इंजिन हाय का पिठाची गिरन?" वगैरे. पुढे बसणारे आम्ही सगळे मात्र बांधावर एका रांगेत, केशरी जॅकेटं घालून, पंगतीला बसावं तसे गप्प.

माझ्या शेजारी एक चांगला आडदांड माणूस होता. डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम करतो, उंचावर लोखंडावर चढून. तो घामाने निथळत होता आणि पुटपुटत मारुतीस्तोत्र म्हणत होता.

"उंचावर भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"उंचावर काय हाय? हवाच हाय," तो म्हणाला. "इथं खाली काय हाय ते दिसत नाय ना ताई."

त्याने खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. रांगेत सगळ्यांना एकेक दिली. कुणी कुणाला धीर दिला नाही. धीर आला असता तर त्या सीटवरून उठवलं असतं, ही धास्ती होतीच, पण मुळात कुणाकडेच तो नव्हता. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

सहा होड्या. लांब वळणावर चिखलात रोवलेला एक बांबू, त्यावर लाल फडकं. त्याला वळसा घालून परत यायचं, एवढीच शर्यत. हिराजीकाकांनी पंचा खाली केला आणि सहा म्हातारी इंजिनं एकदम ओरडायला लागली. निळा धूर, जुन्या स्कूटरचा वास, कानांत दडे. आमच्या इंजिनाने पहिल्याच हिसक्याला पेट घेतला. मागून शैलाचं हसू ऐकू आलं.

मी डोळे उघडे ठेवले. काकांनी सांगितलं होतं म्हणून नाही. मिटायची ताकद नव्हती म्हणून. दोरी मुठीत इतकी घट्ट होती की मनगट बधिर झालं होतं. आमच्या पुढे एकच होडी होती, बाकीच्या मागे. बांबू जवळ आला. शैला वळण घेण्यासाठी एका बाजूला झुकली असावी, कारण होडी तिरकी झाली. त्याच वेळी पुढच्या होडीची लाट आडवी आली आणि आम्ही त्यावर आदळलो.

मग माझी बाजू खाली गेली. एकदम. मागचं वजन कमी झाल्यासारखी.

मी मागे वळून पाहिलं तर मागे कुणीही नव्हतं. इंजिनाची दांडी आपोआप एका बाजूला पूर्ण वळली होती आणि होडी गरकन फिरायला लागली होती. पाण्यात एक केशरी ठिपका दिसला, त्यावर शैलाचे काळे केस. ती उलट दिशेला तोंड करून खोकत होती. होडीचं नाक वळत वळत तिच्याकडे येत होतं. नाकावर मी बसले होते.

मी दोरी ओढली असं लोक म्हणतात. मला ओढल्याचं आठवत नाही. मला एवढंच आठवतं की माझं सगळं अंग आखडून मागे गेलं, भीतीने माणूस जसं जातं तसं. आणि आवाज थांबला. होडी तशीच पुढे सरकत राहिली, हळू, आणखी हळू, आणि शैलाच्या डोक्याला हात पुरेल इतक्या अंतरावर येऊन थांबली.

तिने वळून फळी धरली. डोळ्यांवरचे केस मागे सारले. आणि म्हणाली, "बंद का केलंस गं? दुसऱ्या होतो आपण!"

मी नुसतं मागे बोट केलं. थांबता थांबता होडी आणखी वळली होती आणि मागची बाजू तिच्याजवळ आली होती. पिवळ्या डोक्याखालचा दांडा पाण्यात तिच्या कमरेच्या अगदी शेजारी होता. तिने खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खाडीत आवाजच नाही. मागच्या होड्यांच्या नाकांवरच्या सगळ्यांनी शैलाला पडताना पाहिलं होतं, आणि एकेकाने आपापली दोरी ओढली होती. चारही होड्या पाण्यावर नुसत्या डुलत होत्या. चालवणारे इकडे तिकडे बघत होते. पुढे बसलेले सगळे उभे राहून आमच्याकडे बघत होते. वेल्डरचं मारुतीस्तोत्र पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होतं. फक्त पुढची होडी काही न कळता गेली ती गेलीच. तिने शर्यत जिंकली आणि बक्षिसाचा नारळ व पेणचे पोह्याचे पापड नेले. ते बरोबरच झालं, कुणीतरी न्यायलाच हवे होते.

काठावर आल्यावरही माझी मूठ उघडेना. दोरी आतच. काकींनी गरम पाणी ओतलं, प्रमिलाने डाव्या हाताने ओढून पाहिलं. शेवटी शैला समोर बसली, ओल्या केसांनी, आणि माझं एकेक बोट सोडवायला लागली. पिस्टन सोडवणाऱ्या, लेथवाल्याला नमवणाऱ्या त्या हातांना माझी बोटंही पटकन सोडवता येईनात.

"सांगितलं व्हतं ना," प्रमिला रडत रडत म्हणाली. "निघत नाय."

रोहा, आणि नंतर

शैलाने सोमवारी रजा घेतली. इंजिन गोधडीतून काढलंच नाही. अंगणात एका कोपऱ्यात ते तसंच गुंडाळलेलं, आणि ती पायरीवर बसून त्याच्याकडे बघत. मेहुणे शिफ्टवरून आले, गोधडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला गेले. मी भात लावला. कुठल्या कुकरमध्ये लावला ते बघितलं नाही. भाताला थोडा आंबूस वास येत होता, तो सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

दोन वर्षांचं काम आता ती भंगारात देईल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंही वाटलं. मी मंगळवारी निघाले. गाडीत बसताना तिने मला मिठी मारली. इंजिन अजून गोधडीतच होतं.

सोलापुरात सगळे विचारतात, "एवढ्या खाडीत जाऊन आलात, मग भीती गेली असेल आता?" इथे बोअरचं पाणी बादलीत पडताना ऐकलं तरी मला त्या फळीची थाडथाड आठवते.

परवा शैलाचा फोन आला. मागे काहीतरी फटफटत होतं, पिंपात पाणी उसळल्यासारखं.

"सुरू केलंस?" मी विचारलं.

"आजच. हात लावायला धीरच होत नव्हता इतके दिवस." मग तिने इंजिन बंद केलं. "ताई, एक विचारू? तुझी भीती गेली का गं? गेली असेल तर सांग. दुसरं माणूस बघावं लागेल."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कोरडा रस्ता, ऊन, आणि लांबवर कुठेही पाणी नव्हतं. 'गेली' एवढा एकच शब्द म्हटला असता तर मी आयुष्यभरासाठी सुटले असते.

"नाही गेली," मी म्हणाले. "आधी माझ्या एकटीच्या जिवाची वाटायची. आता तुझ्याही जिवाची वाटते."

"मग ये," शैला म्हणाली.